मुख्य कथा फाट्यावर

जगाचा अंत जवळ आलेला असतो आणि मी कोबी वेचत असतो. ‘स्कायरिम’ खेळलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. काळाकभिन्न ड्रॅगन मेलेल्या ड्रॅगनांना थडग्यांतून उठवत सुटलाय, पर्वतावरच्या साधूंनी तुमच्या नावाने घातलेली हाळी अख्ख्या खोऱ्याने ऐकली आहे, भविष्यवाणीतला तो एकमेव वीर म्हणजे तुम्हीच. आणि तुम्ही कुणाच्या तरी हरवलेल्या तलवारीपायी गुहेत शिरलेले असता, नाहीतर लग्नासाठी स्थळं बघत असता, नाहीतर विकत घेतलेल्या घराच्या फडताळात चीजचे गोळे रचून ठेवत असता. ड्रॅगन थांबतो. दोन वर्षं थांबवलंत तरी थांबतो. सरकारी कचेरीतल्या फायलीलाही लाजवेल इतका सोशिक खलनायक आहे तो.

मी राहतो सोमाटणे फाट्यावर. पुण्याहून जुन्या मुंबई महामार्गाने निघालात की तळेगावच्या अलीकडे जिथे टोलनाक्यामुळे शिव्या हासडल्या जातात, तोच आमचा पत्ता. त्यामुळे ‘फाट्यावर मारणे’ हा वाक्प्रचार कुणी वापरला की मला उगाचच गावाचं नाव निघाल्यासारखं वाटतं. ओपन वर्ल्ड फँटसी गेम खेळणारे आपण सगळे मुख्य कथेला असंच फाट्यावर मारतो आणि गेम बनवणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. माझे प्रश्न दोनच आहेत. फाट्यावर मारण्याच्याच लायकीची कथा ते पुन्हा पुन्हा का बनवतात? आणि ती सावरायला फुकटात राबणारे लोक लागतात, याचं त्यांना काहीच का वाटत नाही?

कमकुवत कथा म्हणजे काय, ते आधी सांगतो. संवाद सपक आहेत, खलनायक ठोकळेबाज आहे, या तक्रारी खऱ्या असल्या तरी दुय्यम आहेत. मूळ दुखणं वेगळं आहे. स्कायरिमच्या सुरुवातीला तुम्ही रिव्हरवूड नावाच्या खेड्यात पोचता. तिथे हिल्डे नावाची एक म्हातारी ओरडून सांगत असते की मी आत्ता ड्रॅगन पाहिला. शेजारी तिचा मुलगा स्वेन उभा असतो. तो तिला गप्प करतो. लोक तुला वेडी म्हणतील, म्हणतो. तुम्ही तर नुकतेच त्याच ड्रॅगनच्या तावडीतून सुटून आलेले असता. ती खरं बोलतेय हे त्या घटकेला सगळ्या गावात फक्त तुम्हाला माहीत असतं. किती सुंदर सुरुवात आहे ही! पण पुढे हा धागा कुणी उचलत नाही. ड्रॅगन राजरोस आकाशात फिरू लागतात, त्या गावावर हल्ले करतात, शेवटी तुम्ही त्यांच्या राजाला पार परलोकात जाऊन मारता आणि परत येता. हिल्डे तिथेच असते, स्वेन तिथेच असतो. ‘आई, तुझं खरं होतं’ एवढं एक वाक्य तो पोरगा कधीच बोलत नाही.

जग वाचवल्याची जगाला खबरच लागत नाही. मुख्य कथा कमकुवत आहे असं मी म्हणतो तेव्हा मला हे म्हणायचं असतं.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी ते वाक्य लिहिलं. बेथेस्डा कंपनीने स्कायरिम २०११ साली आणला आणि २०१२ च्या फेब्रुवारीत क्रिएशन किट नावाचं साधन फुकट दिलं. त्यात गेमची हवी ती खोली, माणूस, संवाद उघडून बदलता येतो. सबमिशनच्या आठवड्यात, जर्नलं लिहायची सोडून, मी स्वेनला चार ओळी दिल्या आणि हिल्डेला एक. आवाज नव्हता, नुसती अक्षरं उमटायची. आधी मराठीत करून पाहिलं होतं. देवनागरी फाँट घुसवला, तर गेमने पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडच्या बाजूला नेऊन टाकली आणि जोडाक्षरांचे पाय तोडले. मग इंग्रजीत केलं. दोन-तीनशे लोकांनी तो मॉड उतरवून घेतला असेल. नोकरीतलं माझं काम त्याहून कितीतरी जास्त लोक वापरतात, पण त्या पाच ओळींइतकं समाधान मला त्यातल्या एकाही फीचरने दिलेलं नाही.

आता पहिला प्रश्न. कंपनीला पाच ओळी का सुचू नयेत? तिथे लेखक आहेत, पैसा आहे, स्कायरिमच्या सहा कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत. याचं उत्तर मला गोष्टींपेक्षा माझ्या धंद्यात जास्त सापडतं. समजा गेममध्ये पाच मोठ्या घटना आहेत आणि प्रत्येक घटना एकतर घडली आहे किंवा नाही. म्हणजे जगाच्या ३२ अवस्था झाल्या. दहा घटना घेतल्या तर १०२४. प्रत्येक अवस्थेत कोण काय बोलेल ते लिहायचं, नटांकडून वदवून घ्यायचं, चार-पाच भाषांत पुन्हा वदवून घ्यायचं, आणि मग एकही अवस्था मोडत नाही ना हे तपासायचं. कुठलाही शहाणा इंजिनिअर सांगेल, हे एकमेकांपासून तोडा. इथलं तिथे कळता कामा नये. म्हणून चोरांच्या टोळीला तुम्ही ड्रॅगन मारल्याचं ठाऊक नसतं, आणि जेमतेम दोन मंत्र येणारा माणूस चार कामं करून जादूच्या महाविद्यालयाचा कुलगुरू होतो, तरी राजवाड्यातले पहारेकरी त्याला नवख्यासारखंच हटकतात. आमच्या क्षेत्रात याला लूज कपलिंग म्हणतात आणि त्याबद्दल पाठ थोपटली जाते. गोष्टीत मात्र तेच जीवघेणं ठरतं. गोष्ट म्हणजे एका जागी घडलेलं दुसऱ्या जागी पोचणं. तारा कापून टाकल्या की उरतो तो नकाशा.

हे अटळ आहे असं मात्र नाही. त्याच कंपनीच्या २००२ सालच्या ‘मोरोविंड’मध्ये तुम्ही ज्याला भेटायला पाठवलेले असता तो गुप्तहेर तुम्हाला पाहतो आणि म्हणतो, अजून तयार नाहीस, बाहेर जा, कुठेतरी काम धर, चार पैसे मिळव, मग ये. एका वाक्यात तुमची सगळी भटकंती कथेचा भाग होऊन जाते. चार वर्षांनी आलेल्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये पहिल्या तासाभरात बादशहाचा खून होतो, नरकाची दारं उघडतात, धावा धावा अशी बोंब होते, आणि कुणी धावत नाही. ‘विचर ३’ तर उत्तम लिहिलेला गेम, त्यातली त्या दारुड्या सरदाराची घरची गोष्ट मी विसरणार नाही. पण तिथेही मानलेल्या लेकीमागे मारेकरी लागलेले असताना आपण खाणावळीत पत्ते कुटत बसतोच. घाई सांगायची आणि वेळ अमर्याद द्यायचा, या दोन गोष्टी एका घरात नांदत नाहीत.

मग येतात मॉडर. बेथेस्डाचा गेम घेतला की आधी अनधिकृत पॅच टाकायचा, हे आमच्या पिढीच्या खेळाडूला नवं सिमकार्ड चालू करून घेण्याइतकं सवयीचं आहे. कंपनीने वर्षानुवर्षं न मिटवलेले शेकडो दोष लोकांनी आपल्या वेळात मिटवून ठेवलेत. दोष सोडा, गोष्टीही लिहिल्यात. ‘स्युअरएआय’ नावाच्या जर्मन चमूने सुमारे पाच वर्षं खपून २०१६ साली ‘एन्डेराल’ आणला. स्कायरिमच्या यंत्रावर उभं केलेलं पूर्ण नवं जग, नवी भूमी, आणि अपराधी भावनेवरची अशी मुख्य कथा की मूळ गेम तिच्यापुढे पोरकट वाटावा. तो फुकट आहे. ऑस्ट्रेलियात वकिली करणाऱ्या निक पिअर्सने २०१५ मध्ये ‘द फरगॉटन सिटी’ हा मॉड केला. एकाने पाप केलं तर सगळं शहर मरेल, असा नियम असलेल्या शहराची ती गोष्ट. तिला तिथल्या लेखक संघटनेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वकिली सोडून त्याने पुढे २०२१ मध्ये तोच धागा घेऊन स्वतःचा स्वतंत्र गेम काढला.

आणि पैशाचं म्हणाल, तर एप्रिल २०१५ मध्ये स्टीमवर मॉड विकायची सोय झाली होती. किमतीतले २५ टक्के मॉडरला, ४५ बेथेस्डाला, ३० स्टीम चालवणाऱ्या वॉल्व्हला. खेळाडूंनी असा गहजब केला की चार दिवसांत ती बंद करावी लागली. तेव्हा मीही खेळाडूंच्या बाजूने होतो, कारण फुकट मिळणारं विकत घ्यावं लागणार होतं. आज त्या आकड्यांकडे बघताना पंचवीस हा आकडा डोळ्यात भरतो. ज्याने लिहिलं त्याला चौथाई.

हे मी एवढं मनाला लावून घेतो याचं कारण माझ्या नोकरीत आहे. मी आजवर ज्या ज्या ठिकाणी काम केलं, तिथे मीटिंगमध्ये एक वाक्य हमखास ऐकलं आहे: ‘तो इश्यू आपला नाही, त्या लायब्ररीचा आहे, कम्युनिटी बघेल.’ कम्युनिटी म्हणजे कोण? डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या चिमुकल्या लायब्ररीत भोक सापडलं आणि जगभरच्या बँका, विमा कंपन्या, सरकारं हादरली. ते भोक बुजवायला बसलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती आणि त्यातली बहुतेक आपापल्या नोकऱ्या सांभाळून हे करत होती. नाताळच्या तोंडावर रात्री जागून. त्यांच्या कोडवर अब्जावधींचे धंदे उभे होते. गेमचा मॉडर आणि हा लायब्ररी सांभाळणारा यांच्यात मला फरक दिसत नाही. कुणीतरी प्रेमापोटी करेल, हे हिशेबात आधीच धरलेलं असतं. आणि त्या प्रेमाची किंमतही ठेवली जात नाही. कंपनी मूळ गेमचा नवा अपडेट सोडते आणि शेकडो मॉड एका रात्रीत मोडतात. ‘फॉलआउट: लंडन’ हा प्रचंड मॉड २३ एप्रिल २०२४ ला यायचा होता. त्याच आठवड्यात मूळ ‘फॉलआउट ४’चा मोठा अपडेट येणार असल्याचं जाहीर झालं, आणि वर्षानुवर्षांच्या कामाला आणखी तीन महिने जोडावे लागले.

यावर एक उलटं म्हणणं आहे आणि ते मला मान्यही आहे. इतर कंपन्या आपले गेम सीलबंद ठेवतात. बेथेस्डाने निदान दार उघडं ठेवलं, साधनं हातात दिली. ती नसती तर मी तरी स्वेनला बोलतं कसं केलं असतं? कितीतरी मुलं यातून शिकली, काहींना त्यावर नोकऱ्या मिळाल्या. खरं आहे. पण दुसऱ्यासाठी जागा ठेवणं वेगळं आणि भोक ठेवणं वेगळं. भिंतीत कोनाडा ठेवला तर त्यात कुणी दिवा लावतं, कुणी पुस्तक ठेवतं. भिंतच अर्धी सोडली तर येणाऱ्याला आधी विटा रचाव्या लागतात.

कोनाडे कसे ठेवावेत याचा नमुना आपल्या घरातच आहे. महाभारतातलं वनपर्व मला आजवर पाहिलेल्या सगळ्या ओपन वर्ल्डांत सरस वाटतं. द्यूताच्या पणात मुदत ठरलेली आहे: बारा वर्षं वनवास, एक वर्ष अज्ञातवास. मुख्य कथेचं घड्याळ करारानेच थांबवलेलं आहे. आता खुशाल भटका. नल-दमयंती ऐका, सावित्री ऐका, ऋष्यशृंग ऐका, तीर्थं हिंडा, यक्षाच्या प्रश्नांना उत्तरं द्या. ‘आपण इथे काय करत बसलो आहोत?’ असं वाचकाला वाटायच्या आत द्रौपदी आणि भीम धर्मराजाला तेच विचारून मोकळे होतात आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. शिवाय साइड क्वेस्टचं फळ वाया जात नाही. नलाची गोष्ट सांगून झाल्यावर बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला फाशांची विद्या देतात, आणि पुढे विराटाच्या दरबारात हाच माणूस कंक नावाने फासे खेळणारा म्हणून उभा राहतो. तार जोडलेली आहे.

आणि मॉड? महाभारताला मॉड किती लागले याचा हिशेबच पुण्यात मांडला गेला. लॉ कॉलेज रोडवरच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. सुकथनकर, बेलवलकर अशा संपादकांच्या हाताखाली देशभरातल्या १२५९ हस्तलिखितांचा विचार करून, पाठ ताडून, १९६६ मध्ये ते पुरं झालं. नंतरची भर त्यांनी फेकून दिली नाही. मूळ संहितेतून काढून तळटिपांत आणि परिशिष्टांत नीट नोंदवून ठेवली. आमच्या भाषेत सांगायचं तर ‘व्हॅनिला’ प्रत एकीकडे आणि मॉडची यादी दुसरीकडे. आपल्याला लहानपणापासून ठाऊक असलेल्या किती गोष्टी त्या यादीत निघाव्यात! व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ती कथा परिशिष्टात. वस्त्रहरणाच्या वेळचा द्रौपदीचा कृष्णाचा धावा संहितेबाहेर. उर्वशीने अर्जुनाला दिलेला शापही परिशिष्टात.

या शापापाशी मी थबकलो. एवढा मोठा धनुर्धर विराटाघरी बृहन्नडा होऊन नाचगाणं शिकवतो, हे कुणालातरी खटकलं असणार. का बरं? मग कुणीतरी मागे जाऊन कारण लिहिलं: उर्वशीला नाही म्हणाला म्हणून. हा चक्क पॅच आहे! कथेतली फट कुणा अनामिकाने बुजवली आणि इतकी बेमालूम बुजवली की आज मूळ कुठलं आणि जोड कुठली हे सांगायला पंडित लागतात. दुसऱ्या टोकाला शाहीर विठ्ठल उमपांनी गाजवलेलं ‘जांभूळ आख्यान’. द्रौपदीच्या मनात कर्णही होता, असं सांगणारी लोककथा. ती कुठलीही फट बुजवत नाही, नवीच खोली बांधते. मूळ इमारत भक्कम असल्यामुळे तिला हे वजन पेलतं. महाभारताला मॉड लागले ते ते अपुरं होतं म्हणून नव्हे. लोकांना तिथून हलावंसं वाटेना म्हणून.

भर घालणाऱ्याचं नाव कुठे राहतं, हाही प्रश्न उरतोच. महाभारतातले बहुतेक पुसले गेले. पण आमच्या मावळात एक वेगळी चाल दिसते. कार्ला फाट्यावरून आत वळून एकवीरेच्या पायऱ्या चढलात की देवळाला लागूनच दोन हजार वर्षांपूर्वीचा चैत्य आहे. त्याच्या भिंतीवरचा एक लेख हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचं सांगतो आणि ते पुरं करणाऱ्या वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचं नाव देतो. तो झाला मुख्य स्टुडिओ. पण आत खांबाखांबावर वेगळी नावं आहेत. हा खांब धेनुकाकटच्या अमक्या यवनाचं दान, तो तमक्याचं. दाराच्या कामापाशी सामी नावाच्या सुताराचंही नाव आहे, बापाच्या नावासकट. ज्याने जेवढं केलं, तेवढ्यावर त्याचं नाव. स्कायरिमच्या श्रेयनामावलीत अनधिकृत पॅचवाल्यांचं नाव शोधू नका.

आपल्याकडे असा गेम कधी होईल? पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० साली ‘राजी’ काढला. देखणा आहे, पण तो सरळ रेषेतला, काही तासांचा, आणि शेवट मला अर्ध्यात तुटल्यासारखा वाटला. मोठं मोकळं जग अजून कुणी मराठीत बांधलेलं नाही. बांधलंच तर माझ्याकडे एक मुख्य कथा आहे. डिसेंबर १७७८ संपत आलाय. मुंबईहून निघालेली इंग्रजांची फौज बोरघाट चढून पुण्याकडे येते आहे. तोफा आणि हजारो बैलांचं लटांबर घेऊन ती इतकी सावकाश सरकते की ओपन वर्ल्डला याहून सोयीचं घड्याळ मिळायचं नाही. धोका रोज दिसतो, रोज मैल-दीड मैल जवळ येतो, आणि तरी हाताशी दिवस आहेत. खेळाडू भविष्यवाणीतला वीर नाही, मावळातला कुणीही आहे. गावं रिकामी करायची, धान्य हलवायचं, वैरण जाळायची, घाटावरची बातमी पुढे पोचवायची. प्रत्येक फाटा मुख्य रस्त्याला येऊन मिळतो, कारण जे धान्य हललं नाही ते फौजेच्या पोटात जाईल. ४ जानेवारीला कार्ल्याला इष्टुर फाकडा पडतो. ९ तारखेला फौज तळेगावात पोचते तेव्हा तिच्या हाती जळकं, ओसाड गाव लागतं. दोन दिवसांनी ती जड तोफा तळ्यात ढकलून रातोरात मागे फिरते आणि वडगावला शरण येते.

सोमाटणं तळेगावच्या पुढे, पुण्याच्या अंगाला. ती फौज तळेगावातूनच फिरल्यामुळे आमच्या गावापर्यंत मुख्य कथा पोचलीच नाही. तेव्हा कुणी हा गेम केला तर खंडाळ्यापासून वडगावपर्यंतचं त्यांनी नीट लिहावं, पगार देऊन लेखक बसवावेत, स्वेनला त्याचं वाक्य द्यावं. चौराईच्या डोंगराखालचं सोमाटणं, जिथे माणसं सामान बांधून तळेगावच्या बाजूचा धूर बघत बसली असतील, तेवढं त्यांनी मोकळं सोडलं तरी चालेल. ते मी करीन, आणि त्याचे पैसे मागणार नाही. पहिली वेलांटी तेवढी जागेवर उमटू दे.